सत्तरीतला आवाज आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी टॉम जोन्स या ब्रिटिश पॉप गायकाच्या 'प्रेज अँड ब्लेम' या अल्बमबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. देवाची, पापपुण्याची, मनाला टोचणी लावणारी गाणी आहेत, सवड काढून ऐका, एवढंच म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की यावेळी दुसरा विषय घेतच नाही. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण बाकीच्यांच्या मनातलं निम्मं त्यातच आलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी भुसावळचा, रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागलो आणि २०१० ला ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो. सत्तर सालाच्या आसपास आमच्या कॉलनीत अँग्लो-इंडियन मंडळी पुष्कळ होती, नाताळात इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेच्या क्लबात, डान्स असायचा, आम्ही पोरं खिडकीशी उभी राहून बघायचो. तिथे या टॉम जोन्सचं 'डिलायला' लागलं की सगळा हॉल गायचा. तुमचं वाचून नातवाने मला हा अल्बम लावून दिला. आवाज तोच, पण माणूस तो वाटेना. आयुष्यभर नाचाची गाणी म्हटली आणि आता म्हातारपणी देव आठवला, की हाही विकायचाच प्रकार? खरं सांगा. दुसरं म्हणजे इंग्रजी निम्मंच कळतं, मग ऐकायचं कसं?

उत्तर : काका, आधी विकायचा मुद्दा संपवू, तो मनात राहिला तर गाणं कानात शिरणारच नाही.

अल्बम आला जुलै २०१० मध्ये, त्याच्या आदल्या महिन्यात ७ जूनला टॉम जोन्सला सत्तर पूर्ण झाली होती, म्हणजे तुमच्या रिटायरमेंटचंच साल. त्याच्याकडून रेकॉर्ड कंपनीला काय हवं असणार, तर तेच नाचाचं, पार्टीचं, हमखास खपणारं. याने दिली भजनं. तेव्हा कंपनीतल्या एका मोठ्या साहेबाचा ईमेल फुटून पेपरात आला होता, त्यात ते चिडून विचारतात की आपण एवढा पैसा काय प्रार्थनेच्या पुस्तकातली गाणी घ्यायला ओतला का. म्हणजे ज्यांना विकायचं होतं त्यांनाच हे विकलं जाईल असं वाटत नव्हतं. आणि तरी ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत तो दुसऱ्या नंबरला गेला, लोकांनी उचलून घेतला.

आता देव आठवला म्हणता, तर तो विसरला कधी होता? वेल्समधल्या पाँटीप्रिड भागातला हा मुलगा, वडील कोळशाच्या खाणीत. तुम्ही कोळसा भट्टीत टाकायचात, त्याचे वडील तो खणायचे, दोन्ही घरांत कपडे सारखेच काळे होत असणार. त्या खाणीच्या गावांत रविवारी चॅपलमध्ये सगळा गाव मिळून गायचा, आपल्याकडे सप्ताहात गातो तसा. बाराव्या वर्षी याला टीबी झाला, जवळजवळ दोन वर्षं अंथरुणात गेली, खिडकीतून बाहेरची पोरं बघत. पुढे लास व्हेगासला स्टार झाल्यावर रॉक अँड रोलवाल्या एल्विस प्रेस्लीशी दोस्ती झाली, आणि दोघांचे शो संपले की हॉटेलच्या खोलीत पहाटेपर्यंत दोघं काय गायचे तर गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली गाणी. त्याने स्वतःच मुलाखतींमधून सांगितलंय हे. आपल्याकडेही असतंच की, लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेटवर सगळी सिनेमाची गाणी वाजवणारा माणूस श्रावणात देवळात पेटीवर बसतो, आपण त्याला विचारतो का की तुला आता कसा देव आठवला. पोटाचं गाणं वेगळं असतं आणि रात्री दार लावून म्हणायचं वेगळं. याने सत्तरीला ते दुसरं गाणं उजेडात आणलं, माझ्या मते एवढंच झालंय.

बरं, आता ऐकायचं कसं. पहिली गोष्ट, कूलर बंद करा. भुसावळच्या उन्हाळ्यात हे सांगणं म्हणजे जुलूमच आहे, पण कूलरची घरघर नेमका खालचा सूर खाऊन टाकते आणि या अल्बमचा सगळा जीव खालच्या सुरात आहे. रात्री साडेदहा-अकरानंतर, गच्चीत, गाड्यांचा आवाज आला तरी चालेल, तो तुमच्या ओळखीचा आहे.

पहिलंच गाणं घ्या. मूळ गाणं अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचं, १९८९ चं. अर्थ साधा आहे, कुणाची अडचण दिसूनही मी गप्प राहिलो, ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर मी काय कामाचा? एवढा एकच प्रश्न फिरून फिरून. तो हे जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो, खालच्या पट्टीत, मागे वाद्यं अगदी मोजकी. इन्स्टिट्यूटमधला तो छतापर्यंत जाणारा आवाज इथे शोधू नका. तो आवाज त्याच्याकडे आहे, पुढे दोन-तीन गाण्यांत तो मुद्दाम दाखवतोही, पण इथे हात आखडून बसलाय.

मला हे गाणं कळलं ते माझ्या वडिलांमुळे. आमचे नाना चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळाचे बुवा होते, चाळीसेक वर्षं. तरुणपणी काळी चारमध्ये गायचे, गावाच्या वेशीवर ऐकू यायचं. शेवटच्या काही वर्षांत दम पुरेना. एका कार्तिकी एकादशीला मी मागे बायकांमध्ये बसले होते, नानांनी पेटीवाल्याला हाताने खूण केली, दोन पट्ट्या खाली घे. अभंग सुरू झाला आणि जिथे ते नेहमी वरची तान घ्यायचे तिथे त्यांनी तान घेतलीच नाही, पखवाजवाल्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवला. म्हणजे थांब जरा, श्वास घेऊ दे. पखवाज थांबला, टाळ थांबले, देवळातल्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू यायला लागली, आणि मग नानांनी उरलेली अर्धी ओळ म्हटली, साधी, एकही हरकत न घेता. तो अभंग मी लहानपणापासून शंभरदा ऐकला होता. त्या दिवशी त्याचा अर्थ पहिल्यांदा लागला. कारण सुंदर आवाजाखाली शब्द झाकले जायचे, आवाज बाजूला झाला तेव्हा ते दिसले.

टॉम जोन्सच्या त्या गाण्यात तुम्हाला हेच ऐकायचंय काका. तो कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो, कुठे ओळ लांबवता येत असून सोडून देतो. त्याला इंग्रजी लागत नाही. रेकॉर्डिंग करताना निर्माता ईथन जॉन्स याने सगळ्यांना एका खोलीत एकत्र बसवून लाईव्ह घेतलंय, नंतर तुकडे जोडून, थर चढवून गुळगुळीत केलेलं नाही, म्हणून हे सगळं तसंच्या तसं कानावर येतं.

पूर्ण अकरा गाणी एका बैठकीत नका ऐकू. पहिलं झालं की तिसरं ऐका, त्यात तो म्हणतो की दिसू नये म्हणून मी डोळे मिटून घेतले, चुकीचं चाललं होतं ते चालू दिलं, तेव्हा देवाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. देव म्हणजे इथे टोचणी. आणि एक गाणं असं आहे, 'बर्निंग हेल', जॉन ली हूकर या ब्लूजवाल्याचं (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुखरी गाणी), गिटार आणि ढोल नुसता खडखडाट, त्यात चक्क म्हटलंय की स्वर्ग नाही आणि जळता नरकही नाही, मेल्यावर मी कुठे जाईन कुणाला ठाऊक. देवाच्या अल्बममध्ये हे कशाला, असं मला आधी वाटलं, तीनदा ऐकल्यावर पटलं. आपले तुकोबा तरी काय करतात, विठ्ठलाशी भांडतात, माझ्या लेखी देव मेला म्हणण्यापर्यंत जातात, आणि तरी तिथून हलत नाहीत. अल्बमच्या नावातच स्तुतीबरोबर बोल लावणंही आहे ना. ज्या भक्तीत भांडण नाही ती मला जरा पातळ वाटते, हे माझं मत, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

शेवटचं गाणं 'रन ऑन' मात्र मोठ्याने लावा. जुनं लोकगीत आहे, कितीही पळालास तरी देव गाठणारच असा त्याचा रोख, आणि एल्विसनेही ते १९६७ च्या आपल्या गॉस्पेल अल्बममध्ये म्हटलंय. तुमचा इन्स्टिट्यूटच्या खिडकीतला टॉम जोन्स तिथे तुम्हाला परत भेटेल.

प्रश्न : ताई, मी अमळनेरला कॉलेजला आहे. मी हेडफोनवर 'अमेझिंग ग्रेस' ऐकत होते आणि डोळ्यांत पाणी आलं. आजीने विचारलं, 'हाई कोनं गानं शे वं?' मी सांगितल्यावर म्हणाली मिशनऱ्यांची गाणी कशाला ऐकतेस. मला खरंच प्रश्न पडला की जो आपला धर्म नाही त्याच्या गाण्याने रडू येणं बरोबर आहे का?

उत्तर : रडू आलं ना, मग बरोबरच आहे बाळा. पण आजीला गप्प करू नकोस, तिला गोष्ट सांग. गोष्टीला ती नाही म्हणणार नाही.

हे गाणं लिहिणारा जॉन न्यूटन हा इंग्रज माणूस गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होता. आफ्रिकेतून माणसं साखळदंडात घालून न्यायची आणि विकायची हा धंदा. १७४८ साली त्याचं जहाज वादळात सापडलं, मरता मरता वाचला, देवाचा धावा केला. इथे आजी म्हणेल वाल्याचा वाल्मीकी झाला. पण खरी गोष्ट अशी सरळ नाही, आणि मला ती म्हणूनच जास्त खरी वाटते. त्या वादळानंतरही तो काही वर्षं गुलामांच्या जहाजांवर कॅप्टन होता. १७५४ ला आजारपणामुळे समुद्र सोडला, १७६४ ला धर्मगुरू झाला, १७७२ च्या शेवटी हे गीत लिहिलं, छापलं गेलं १७७९ ला, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहायला १७८८ साल उजाडलं. वादळापासून चाळीस वर्षं! वारूळ चढायला एवढा वेळ लागला. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. जी चाल ऐकून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं ती तर त्याने ऐकलीही नव्हती, ती १८३५ ला अमेरिकेत त्या शब्दांना जोडली गेली.

आणि पुढे हे गाणं सगळ्यात जीव लावून कुणी गायलं, तर ज्यांच्या आजे-पणज्यांना जहाजांत कोंबून नेलं होतं त्याच काळ्या लोकांनी. ज्याने बेड्या घातल्या त्याच्या पश्चात्तापाचं गाणं बेड्या घातलेल्यांनी आपलंसं केलं. याला तुझी आजी कोणत्या धर्माचं म्हणेल ते मला कळव.

त्या लोकांची स्वतःची गाणीही आहेत, त्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतात. कापसाच्या शेतात राबता राबता जन्मलेली. आपला खानदेशही कापसाचाच, वेचणीला वाकून कंबर कशी मोडते ते आजीला सांगावं लागणार नाही. त्यात जॉर्डन नदी ओलांडायची भाषा सारखी येते, आपल्या संतांच्या पैलतीरासारखी, फक्त त्या लोकांसाठी पैलतीर म्हणजे देवाचं घर तर होतंच पण नदीपलीकडचा खराखुरा मुलूखही होता, जिथे गुलामी नव्हती. बहिणाबाईंची गाणी घे, आसोद्याची माय, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात गाणी सुचली, देव मातीत आणि कामात सापडला. मला ही दोन्ही गाणी एकाच घरातली वाटतात.

टॉम जोन्सच्या अल्बममध्ये 'डिडन्ट इट रेन' आहे, नोहाच्या महापुराचं जुनं गाणं. ते आजीला लाव आणि सांग की मनूच्या होडीची आणि माशाची गोष्ट असते ना, तसंच आहे हे. साने गुरुजी ज्या गावात मास्तर होते त्या गावची आहे ती, तिला समजेल.

प्रश्न : शेतकरी, फैजपूर भागातून. रात्रीच्या लाईटीला केळीत जातो तेव्हा मोबाईलवर ऐकलं. मजा नाही आली. काय चुकलं?

उत्तर : मोबाईलचं चुकलं दादा, तुमचं नाही. मोबाईलच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून ढोलाचा आणि आवाजाचा खालचा भाग येतच नाही, नुसतं वरचं वरचं किरकिरतं. साधे वायरचे इयरफोन लावा. पण शेतात रात्री एकाच कानात, दुसरा कान मोकळा ठेवा, पायाखाली आणि बाजूला काय सळसळतंय ते ऐकू आलं पाहिजे. निवांत ऐकायचं ते घरी आल्यावर.

प्रश्न : शिरपूरहून. आणखी कुणी पॉपवाल्यांनी असे अल्बम केलेत का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : भरपूर आहेत, पण मी तीनच नावं देते.

एल्विस प्रेस्लीचा 'हाऊ ग्रेट दाऊ आर्ट', १९६७. रॉक अँड रोलचा राजा म्हणतो आपण त्याला, पण आयुष्यात त्याला स्पर्धेतले तीन ग्रॅमी, म्हणजे तिकडचे संगीताचे मोठे पुरस्कार, मिळाले आणि तिन्ही देवाच्या गाण्यांसाठी, रॉक अँड रोलला एकही नाही. वर काकांना जे सांगितलं त्याला हा मोठाच पुरावा.

दुसरी अमेरिकेची गायिका अरिथा फ्रँकलिन, 'अमेझिंग ग्रेस', १९७२. ती तेव्हा म्हातारी नव्हती, २९ वर्षांची होती, पण हा अल्बम सोडून पुढे जाताच येत नाही. जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री, समोर भक्त मंडळी, मागे कॉयर, म्हणजे चर्चचं गाणारं मंडळ. ती एक ओळ टाकते आणि मागचे उचलतात, बुवाने ओळ टाकली की टाळकरी ध्रुपद धरतात ना अगदी तसं, मध्येच कुणी ओरडतं, कुणी उठून उभं राहतं. नावाचं गाणं जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे. त्याचं शूटिंगही झालं होतं, पण चित्र आणि आवाज जुळवायची खूणच शूटिंगच्या वेळी नीट केली नव्हती, त्यामुळे तो सिनेमा डब्यात पडून राहिला आणि थेट २०१८ ला लोकांसमोर आला. तू आधी नुसता आवाज ऐक, मग सिनेमा बघ.

तिसरा इंग्लंडचा पॉप गायक क्लिफ रिचर्ड, आपल्या मातीशी नातं असलेला, जन्म लखनौचा, १९४०. वडील रेल्वेच्या खानपान व्यवस्थेत कामाला होते (भुसावळच्या काकांना हे आवडेल), १९४८ ला कुटुंब इंग्लंडला गेलं. १९६६ ला भर सभेत त्याने आपली श्रद्धा जाहीर केली, तेव्हा तो लोकप्रियतेच्या शिखरावर होता. १९९९ ला त्याने प्रभूची प्रार्थना एका जुन्या स्कॉटिश चालीवर म्हटली, नेहमीच्या कंपनीने ती काढायला नकार दिला, तर दुसरीकडून काढली आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर नेली. गाणं म्हणून मला ते फार ग्रेट वाटत नाही, चाल आणि शब्द एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत, पण त्याची जिद्द मात्र मानते.

प्रश्न : मी नवापूर तालुक्यातून लिहितोय, आमच्या चर्चच्या गाणाऱ्या ग्रुपमध्ये आहे. आमच्याकडे रेव्हरंड टिळकांची भजनं पेटी-ढोलकीवर होतात, मावचीतलीही, म्हणजे आमच्या आदिवासी बोलीतलीही, गाणी आहेत. तरुण पोरांना गिटार आणि ड्रम हवेत, मोठी माणसं म्हणतात हे नाचगाणं चर्चमध्ये नको. तुमचा तो टॉम जोन्स तर चक्क ड्रमवरच देवाचं गातो. कोणाचं बरोबर?

उत्तर : भाऊ, हे भांडण तुमच्या चर्चमधलं पहिलं नाही आणि शेवटचंही नाही, त्यामुळे कुणी कुणावर रागावू नये ही आधी विनंती.

ना. वा. टिळकांचंच बघा. ते यायच्या आधी मराठी चर्चमध्ये बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं असायची, विलायती चालींवर, आपल्या जिभेला ती वळतच नव्हती. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि ओवी, अभंग, भजन, कीर्तन हे सगळं सोबत घेऊन आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. म्हणजे आज तुमच्या मोठ्या माणसांना जे आपलं जुनं वाटतं, ती पेटी आणि ते भजन, तेही एके काळी चर्चमध्ये नवंच होतं.

तिकडे अमेरिकेत थॉमस डॉर्सी म्हणून होता, गॉस्पेलचा बाप म्हणतात त्याला. आधी तो ब्लूजचा पियानोवाला, दारूच्या गुत्त्यांत वाजवणारा. तोच ठेका त्याने देवाच्या गाण्यांना लावला तर कितीतरी चर्चवाल्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. १९३२ ला तो बाहेरगावी गायला गेला असताना इकडे बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून त्याने 'प्रेशस लॉर्ड' लिहिलं, प्रभू माझा हात धर असं सांगणारं, आणि पुढे तेच गाणं चर्चाचर्चांतून म्हटलं जाऊ लागलं. ठेका कुठून आला हे मग कुणी विचारलं नाही.

आणि सिस्टर रोझेटा थार्प ही बाई, चर्चची, भक्तीची गाणी गाणारी, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून १९४० च्या दशकात गात होती. १९४४ ला रेकॉर्ड केलेलं तिचं एक गाणं टॉम जोन्सने या अल्बममध्ये घेतलंय. यूट्यूबवर तिचे व्हिडिओ आहेत, आधी मोठ्या माणसांना दाखवा, पोरांना नंतर.

पण पोरांनाही एक सांगायचंय. टॉम जोन्सने साथ बदलली पण शब्दांना धक्का लावला नाही, आणि वाद्यं इतकी कमी ठेवली की प्रत्येक शब्द कळतो. टिळकांच्या भजनावर ड्रम बडवला तर शब्द मरतील. ठेका ढोलकीकडेच राहू द्या, चाल पेटीने धरावी, गिटारने फक्त खालून भरत राहावं, आणि शेवटचं कडवं सगळी वाद्यं थांबवून नुसतं गळ्याने म्हणून बघा. एका रविवारी करा आणि कसं झालं ते कळवा. आणि मावचीतली गाणी मोबाईलवर का होईना पण रेकॉर्ड करून ठेवा, जी म्हातारी माणसं ती गातात त्यांच्याकडून आत्ताच. हे गिटारपेक्षा जास्त तातडीचं आहे.

प्रश्न : धुळ्याहून. ताई, मिस्टरांना जाऊन आठ महिने झाले. जुन्या इंग्रजी गाण्यांचं वेड त्यांना होतं, मला नाही, पण घरात सारखी लागलेली असायची. तुमचं वाचून त्यांच्याच स्पीकरवर हा अल्बम लावला आणि अर्ध्या गाण्यात बंद केला. मुलगी म्हणते ऐकत जा, मन हलकं होईल. मला ते सहनच होत नाही. मी काय करू?

उत्तर : बंद केलंत ते चांगलं केलंत ताई. मुलगी मायेने म्हणते, पण गाणं म्हणजे गोळी नाही, दिवसातून दोनदा घेतलीच पाहिजे असं काही नसतं.

तुम्हाला एक सांगते. टॉम जोन्सचं लग्न १९५७ ला झालं, तो सोळा वर्षांचा होता, बायको लिंडाही तेवढीच. एप्रिल २०१६ ला ती कॅन्सरने गेली, एकोणसाठ वर्षांचा संसार. त्यानंतर आपल्याला आता गाता येईल असं त्यालाच वाटत नव्हतं. ज्याचा आवाज हेच आयुष्य त्याला घशातून सूर निघेल की नाही याची भीती वाटत होती. जाताना लिंडाने त्याला सांगितलं होतं की मी कोसळतेय म्हणून तू माझ्याबरोबर कोसळू नकोस. २०२१ ला त्याचा जो अल्बम आला, 'सराउंडेड बाय टाइम', त्याचं पहिलंच गाणं त्याच अर्थाचं आहे. ऐंशी वर्षांचा होता तो तेव्हा. आणि मधे किती काळ गेला बघा, पाच वर्षं. तुमचे तर आठच महिने झालेत.

बहिणाबाई तिशीत विधवा झाल्या, पदरात लहान मुलं. त्या काही डोळे मिटून गाणी ऐकत बसल्या नसतील, हात कामात होते आणि गाणं त्या कामातून आलं. म्हणून मला वाटतं तुम्ही समोर बसून ऐकायचा प्रयत्नच सोडा. कधी काळी बिबडे घालायला बसाल, ज्वारीचं पीठ शिजत असेल, शेजारच्या दोघी-तिघी मदतीला असतील, तेव्हा दुसऱ्या खोलीत बारीक आवाजात लागू द्या. कानावर पडलं तर पडलं. नाही लावावंसं वाटलं तर नका लावू, पुढच्या वर्षी बघू.

तोपर्यंत फक्त एवढं करा, तो स्पीकर महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवत जा. नुसता पडून राहिला की आतली बॅटरी जाते, आणि ती गेली तर जीवाला लागेल तुमच्या.